टेन्शन : एका शब्दाची चौकशी

(द्वितीय वर्ष, कला)

'टेन्शन' हा शब्द इंग्रजी आहे हे माझ्या आजीला मान्य नाही. "मला इंग्रजी कुठनं येणार? हा आपलाच असणार," असे तिचे साधे तर्कशास्त्र आहे. आजी शाळेत गेलेली नाही, रेशनच्या दुकानात अंगठा उठवते. तरीही "टेन्शन घेऊ नको गं" हे वाक्य तिच्या तोंडी इतके सहज येते की ते परक्या भाषेतून आले आहे असे ऐकणाऱ्याच्या मनातही येऊ नये. शाळेत न जाता जो शब्द आला तो आपला, ही तिची व्याख्या मला तरी आमच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा फारशी कमी वाटत नाही.

या शब्दाकडे माझे लक्ष वेधले ते आमच्या एका सरांनी. निबंधात मी लिहिले होते, 'परीक्षेच्या टेन्शनमुळे विद्यार्थी आजारी पडतात.' सरांनी 'टेन्शन'खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, 'तणाव म्हणा. मराठी समर्थ आहे.' मराठी समर्थ आहे याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण घरी येताना, विक्रोळी स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीत, मी मनातल्या मनात तो बदल करून पाहू लागले. आई मला म्हणते, "तणाव घेऊ नको." शेजारची काकू सांगते, "पोरीच्या लग्नाचा लई तणाव आलाय." रिक्षावाला म्हणतो, "तणाव नको ताई, वेळेत पोचवतो." मला भर गर्दीत हसू आले. वाक्ये व्याकरणाला धरून आहेत, पण ती कोणी बोलत नाही. 'तणाव' हा शब्द वर्तमानपत्राचा. सीमेवर तणाव असतो, दोन गटांत दगडफेक झाली की परिसरात 'तणावपूर्ण शांतता' असते, आणि एखाद्या सभागृहाबाहेर 'तणावमुक्ती शिबिर' असा फलक लागतो. आमच्या पार्कसाईटच्या चाळीत तणाव नसतो. टेन्शन असते.

तेव्हा हा शब्द आला कुठून, मराठीत येऊन त्याने कोणते काम पत्करले, आणि ते काम करणारा शब्द आपल्याकडे आधी नव्हता काय, याची थोडी चौकशी करावी असे ठरवले. मित्रहो, चौकशी करता करता हाती जे आले ते मला वाटले होते त्यापेक्षा गंभीर निघाले.

प्रथम कुळाची कथा. इंग्रजी 'टेन्शन'चे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'तेंदेरे' म्हणजे ताणणे, पसरणे. त्यापासून 'तेन्सिओ', म्हणजे ताणलेपणा, आणि त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजी टेन्शन. सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो वापरायला सुरुवात केली तेव्हा त्याचा अर्थ केवळ 'ताणलेली अवस्था' असा होता. मनाच्या ताणासाठी तो अठराव्या शतकात वापरला जाऊ लागला. आता आपल्याकडे पाहू. संस्कृतात 'तन्' असा धातू आहे, अर्थ तोच, ताणणे, पसरणे. हा धातू इतका मानाचा की आठव्या गणाला त्याच्याच नावाने 'तनादि गण' म्हणतात. त्याच्यापासून तंतू, तंत्र, वितान, गाण्यातली तान, आणि आपले रोजचे ताण, ताणणे. लॅटिन 'तेंदेरे' आणि संस्कृत 'तन्' हे एकाच आदिम मुळाचे फाटे आहेत असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे टेन्शन आणि ताण ही हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली भावंडे! एक भाऊ युरोप फिरून बोटीने मुंबईला उतरला आणि इथेच राहणाऱ्या भावाच्या घरात घुसला. आजीला मी हे सांगितले तेव्हा तिने नुसते "मग?" असे म्हटले.

या कुळातली माणसे आपल्या भोवती किती पसरली आहेत ते पाहून मौज वाटते. एन. सी. सी.च्या कवायतीतले 'अटेन्शन' याच घराण्यातले. मनाचा दोर एका दिशेने ताणला म्हणजे लक्ष. घराघरांत पंखा आणि मोबाइलचा चार्जर एकाच भोकावर चालवणारे 'एक्स्टेन्शन बोर्ड' त्यातलेच. महापालिकेची 'टेंडरे' त्यातली, पावसाळ्यातला 'टेंट' त्यातला. इकडे संस्कृताच्या बाजूने 'संतती' आणि 'संतान' हे शब्दही तन् धातूचेच, कारण वंश पुढे पसरतो. संतान आणि टेन्शन एकाच मुळाचे आहेत ही गोष्ट आमच्या आईला कोणत्याही पुराव्यावाचून पटली.

पण शब्दाचे कूळ एक आणि तो आपल्या दारी कोणत्या वाटेने आला हे दुसरे. माझ्या मते मुंबईच्या कामकरी वस्तीत टेन्शन हा शब्द केवळ इंग्रजी पुस्तकातून आलेला नाही. तो यंत्रांच्या बाजूनेही आला.

आमची आई शिवणकाम करते. गाऊन आणि परकर, नगावर पैसे. तिच्या मशीनला समोर, सुईच्या वरच्या बाजूला दोन चकत्या आणि एक स्प्रिंग आहे. दोरा त्यांच्यामधून जातो. त्याला ती 'टेन्शन' म्हणते. स्क्रू आवळला की चकत्या दोऱ्याला घट्ट धरतात, सैल केला की सोडतात. टेन्शन जास्त झाले तर कापडाला चुण्या पडतात किंवा दोरा तुटतो. कमी झाले तर खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा यांची ओढ सारखी झाली की टाका कापडाच्या पोटात बसतो, वर दिसत नाही, खाली दिसत नाही. मशीन घरी आले तेव्हा आईने हा शब्द मेकॅनिककडून ऐकला. मनासाठी तो ती नंतर वापरू लागली, असे ती सांगते. "मशीनचं बरं असतंय, स्क्रू फिरवला की झालं," हेही तिचेच.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात विणकर होते. कापडाचे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्याचा धागा सतत खेचलेला असावा लागतो. ढिला पडला तर कापड झोळ खाते, जास्त ओढला तर सूत तुटते आणि साचा थांबतो. तुटलेले सूत शोधून गाठ मारेपर्यंत कापड होत नाही, आणि कापड नाही तर नगावरच्या मजुरीत तेवढी घट. म्हणून विणकराचा अर्धा जीव ताण्यावर असतो. संस्कृतात 'तंत्र' या शब्दाचा जुना अर्थ माग, म्हणजे साचाच, असा आहे हे वाचले तेव्हा आजोबा हवे होते असे वाटले. त्यांना शब्दांची आवड होती. सातवी शिकलेले होते.

तिसरे यंत्र म्हणजे वीज. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने विजेच्या दाबाला ताण या अर्थाचाच शब्द वापरला, आणि त्यातून 'हाय टेन्शन' व 'लो टेन्शन' हे शब्द रूढ झाले. कन्नमवार नगरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, खारफुटीत उभे असलेले तारांचे मनोरे सर्वांनी पाहिले असतील. खारघरहून विक्रोळीला येणारी ४०० के. व्ही. ची वाहिनी २०२३ साली सुरू झाली. ती हाय टेन्शन. घरांना मिळणारी वीज लो टेन्शनची, म्हणून वीज कंपन्या घरगुती ग्राहकाला 'एल. टी.' वर्गात घालतात. कनेक्शन लो टेन्शनचे आणि आत राहणारी माणसे हाय टेन्शनची, असा विनोद आमच्या चाळीतला इलेक्ट्रिशियन नेहमी करतो.

सांगायचा मुद्दा असा की, कारखान्याच्या गावात माणसांनी मनाची नावेदेखील कारखान्यातून उचलली. 'शॉक बसला' हे विजेवरून, 'फ्यूज उडाला' हेही विजेवरून, 'प्रेशर आहे' हे बॉयलरवरून किंवा कुकरवरून. शेतकऱ्याच्या मनाला 'घोर' लागायचा, जीव 'करपायचा', मनात 'काहूर' उठायचे. त्याचाच मुलगा लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात मशीनवर उभा राहिला आणि त्याला टेन्शन आले.

आता एक विचित्र गोष्ट पाहा. ज्या इंग्रजांचा हा शब्द, ते तो आपल्यासारखा वापरत नाहीत. 'मला टेन्शन आले' हे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत केले तर ते इंग्रजांना चमत्कारिक वाटते. ते 'आय ॲम टेन्स' म्हणतील, 'वरीड' म्हणतील, 'स्ट्रेस' म्हणतील. टेन्शन हे त्यांच्या बोलण्यात बहुधा दोन माणसांच्या मध्ये असते, दोन राष्ट्रांच्या मध्ये असते, नाही तर नाटकाच्या तिसऱ्या अंकात असते. 'डोन्ट टेक टेन्शन' हे इंग्रजी आपण केलेले आहे. म्हणजे शब्द त्यांचा, पण त्याला क्रियापदे लावली आपण. आणि शब्दाचे खरे घर त्याच्या क्रियापदांत असते असे मला वाटू लागले आहे.

ही क्रियापदे नीट पाहण्यासारखी आहेत. टेन्शन 'येते', जसा ताप येतो, जशी भरती येते. मी ते आणलेले नसते. टेन्शन कोणीतरी 'देते'. साहेब देतो, पोरगा देतो, बँक देते. टेन्शन मी 'घेते', आणि म्हणून ते न घेण्याचा सल्ला मला देता येतो. ते 'वाढते', 'उतरते', 'जाते'. मुंबईच्या हिंदीत तर 'लेने का नहीं, देने का' असा त्याचा सबंध व्यवहारच सांगितलेला आहे. जणू काही हातउसने पैसे! याच्या शेजारी आपला 'काळजी' हा शब्द ठेवा. काळजी 'करतात', काळजी 'वाटते', आणि काळजी 'घेतात'. 'काळजी करू नकोस' आणि 'काळजी घे' ही दोन्ही वाक्ये आई एका दमात म्हणते. पहिल्यात काळजी हे दुःख आहे, दुसऱ्यात ती माया आहे. घ्यायची ती काळजी चांगली, घ्यायचे नाही ते टेन्शन. काळजीत जिव्हाळा मिसळलेला असतो, ज्याच्याविषयी प्रेम नाही त्याची काळजी वाटत नाही. टेन्शन मात्र नळाचेही येते आणि लोकलचेही. त्याला प्रेमाची अट नाही.

आणखी एक गोष्ट. काळजी स्त्रीलिंगी, चिंता स्त्रीलिंगी, धास्ती स्त्रीलिंगी, विवंचना स्त्रीलिंगी. टेन्शन नपुंसकलिंगी. व्याकरणातले लिंग आणि जगण्यातले लिंग यांचा संबंध असतोच असे नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगते. आमच्याकडे काळजी करणे हे बाईचे काम मानले जाते. "मला काळजी वाटते," असे वडील म्हणताना मी ऐकले नाही. "मला भीती वाटते," असे तर ते कधी म्हणणारच नाहीत. पण "जरा टेन्शन आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघते. हा शब्द त्यांना चालतो. त्यात रडणे नाही, दुबळेपणाचा कबुलीजबाब नाही. जणू मशीनमध्ये काही बिघाड आहे आणि त्याची नोंद ते वहीत करीत आहेत. या शब्दाने आमच्या वस्तीतल्या पुरुषांना बोलायला तोंड दिले, हे त्याचे मोठे काम आहे असे माझे मत आहे, आणि ते मत लाल रेघ मारणाऱ्या सरांपुढेही मी मांडीन.

हा शब्द नेमक्या कशाकशासाठी वापरला जातो ते पाहावे म्हणून मी काही दिवस वही जवळ ठेवली. चाळीत, रांगेत, लेडीज डब्यात कानावर आले ते टिपले. एका बाईचा मुलगा क्लासहून साडेनऊपर्यंत आला नव्हता : टेन्शन. एकाचा घराचा हप्ता थकला होता : टेन्शन. एकीने सासूला उलट उत्तर दिले होते आणि आता तोंड दाखवायची पंचाईत : टेन्शन. इमारत पाडून नवी बांधणार, दोन वर्षे भाड्याने राहायचे, आणि बिल्डर भाडे वेळेवर देईल की नाही : टेन्शन. बारावीचा निकाल दुपारी एकला : टेन्शन. आमच्या माळ्यावरच्या एका काकूंची सासू तीन वर्षे अंथरुणावर होती. काकूंनी तिचे सगळे केले. ती गेली त्या रात्री काकू म्हणाल्या, "गेलं एकदाचं टेन्शन," आणि मग भिंतीला डोके टेकून इतक्या रडल्या की कोणाला आवरेनात. ते वाक्य मी वहीत लिहिले, पण कोणत्या रकान्यात घालावे ते मला अजून कळलेले नाही.

ही सगळी एकच भावना आहे काय? मुळीच नाही. आणि इथे सरांचे म्हणणे मला अर्धे पटते. मराठीजवळ यांतल्या प्रत्येकीसाठी वेगळे नाव आहे. निकालाच्या आधी छातीत होते ती धाकधूक. ती निकाल लागला की संपते. मूल वेळेवर आले नाही की लागतो तो घोर, आणि तो माणसाचाच लागतो, वस्तूचा नाही. पैशाची असते ती विवंचना. करायचे राहून गेले त्याची रुखरुख, थोडक्यात हुकले त्याची चुटपुट. दोन्ही मागे पाहणाऱ्या. एखाद्याचा दरारा इतका की तो यायच्या आधीच पोटात गोळा येतो ती धास्ती. एकदा घडून गेलेले पुन्हा घडेल म्हणून बसतो तो धसका. हे करू की ते करू यात होते ती घालमेल. काय हवे आहे तेच कळत नाही आणि जीव लागत नाही ती हुरहूर. ती कित्येकदा गोडही असते. तगमग अंगाला होते, काहूर मनात उठते. 'चिंता' आणि 'चिता' यांत एका अनुस्वाराचाच काय तो फरक, हे तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. इतके बारीक मोजमाप करणारी ही हत्यारे पेटीत पडून आहेत आणि आपण सगळीकडे एकच पाना चालवतो आहोत.

आजीला विचारले, १९८२ सालच्या संपात तुम्ही काय म्हणायचा? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत साच्यावर गेलेच नाहीत, हे आपण इतिहासात वाचतो. माझे आजोबा त्यांतले एक. आजी म्हणाली, "तवा टेन्शन नव्हतं. तवा नुसता घोर होता." मी वहीत लिहून घेतले.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख नुसत्या गमतीचा राहिला नाही तिच्याकडे वळते.

डॉक्टरांच्या भाषेत रक्तदाब वाढण्याच्या विकाराला 'हायपरटेन्शन' म्हणतात. यातले टेन्शन मनाचे नव्हे. रक्त वाहताना धमनीच्या भिंतीवर जो दाब पडतो त्याला जुने डॉक्टर धमनीचे टेन्शन म्हणत. त्यावरून हे नाव पडले. हा दाब दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर मोजण्याची सोपी युक्ती रिवा-रोच्ची या इटालियन डॉक्टराने १८९६ साली काढली. साधारणपणे १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आकडा पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टर रक्तदाबाचा विकार धरतात. वय, आनुवंशिकता, मीठ, वजन, तंबाखू, मूत्रपिंडाचे विकार अशी त्याची अनेक कारणे असतात. मनावर ताण आला तर दाब तात्पुरता चढतो हे खरे. पण मन अगदी शांत असूनही रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला असू शकतो, आणि बहुतेकांना तो चढल्याचे काहीच जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून तर तो मोजावा लागतो.

परंतु आमच्या वस्तीत 'बी. पी.' म्हणजे टेन्शनचा आजार असाच समज आहे. शब्दच तसे सांगतो! हायपर म्हणजे जास्त, टेन्शन म्हणजे टेन्शन. मग त्यावरचा उपाय उघड आहे : टेन्शन संपले की आजार संपला. माझ्या आजोबांना रक्तदाबाची गोळी सुरू होती. रोज सकाळी चहाबरोबर एक. धाकट्या आत्याचे लग्न पुष्कळ वर्षे अडले होते, ते मी सहावीत असताना जमले आणि नीट पार पडले. आजोबा सर्वांना सांगत, "आता मला कसलं टेन्शन नाही." त्यांनी गोळी बंद केली. चोरून नव्हे, अभिमानाने. आम्हा कोणालाच त्यात चूक दिसली नाही, कारण त्यांच्याकडे पाहिले तर ते खरोखर सुखी दिसत होते. आठ महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या हातातून कप पडला. डावी बाजू गेली होती. पुढे ते दोन वर्षे जगले. बोलणे अर्धेच राहिले होते.

कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण एक शब्द दोन अर्थांनी चालतो आणि त्यांतला फरक सांगायला कोणी थांबत नाही, तेव्हा काय होते ते आम्ही पाहिले. माझ्या वर्गातल्या कितीजणांच्या घरी बी. पी.ची गोळी आहे हे मी विचारत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनी आज रात्री एवढेच विचारावे की ती गोळी कशासाठी आहे. 'टेन्शनसाठी' असे उत्तर आले तर समजावून सांगावे. गोळी सुरू ठेवायची की नाही हे मनाच्या शांतीवरून ठरवायचे नसते, डॉक्टरांनी ठरवायचे असते.

उलट दिशेनेही फसगत होते. मन खरोखर आजारी असते, झोप लागत नाही, अन्न जात नाही, आणि माणूस दवाखान्यात जाऊन सांगतो, "टेन्शन आहे." डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका," आणि ताकदीची गोळी लिहून देतात. संभाषण संपते. शब्द एकच असल्यामुळे दोघांनाही वाटते की आपले बोलणे झाले. लेस्ली जो वीव्हर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर भारतातल्या स्त्रियांच्या 'टेन्शन'वर २०१७ साली एक अभ्यासलेख प्रसिद्ध केला आहे. टेन्शन म्हणजे नुसता 'स्ट्रेस' किंवा 'डिप्रेशन'चा देशी तर्जुमा नव्हे, दुःख सांगण्याची ती इथल्या लोकांची स्वतःची रीत आहे, अशी त्यांची मांडणी आहे. अमेरिकेहून येऊन कोणी आपल्या चाळीतल्या शब्दाला इतका मान द्यावा याचे मला कौतुक वाटले, आणि आपल्याकडच्या निबंधात त्यावर लाल रेघ येते याचे थोडे वाईटही.

तेव्हा शब्द टाकावा काय? टाकू नये. टाकतो म्हटले तरी टाकता येणार नाही. मला वाटते, टेन्शन हा दाराच्या कडीसारखा शब्द आहे. माणूस आतून कडी वाजवतो एवढेच. आत कोण आहे ते कळायला बाहेरच्याने विचारावे लागते. गेल्या वर्षी वडिलांच्या कामावर कंत्राट बदलले आणि नवा कंत्राटदार जुन्यांना घेईल की नाही याची शाश्वती नव्हती. जेवताना ते म्हणाले, "जरा टेन्शन आहे." आम्ही सवयीने "होईल सगळं" म्हणून ताटे उचलली. या शब्दाच्या नादी लागलेली असल्यामुळे मी त्या रात्री उगाच विचारले, "कसलं टेन्शन, पप्पा? पैशाचं?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैशाचं नाय. पैशाचं बघता येईल. तिथं सगळ्यांच्या देखत नावं वाचणार. माझं नाव नाय आलं तर उभं कुठं राहायचं?" ती विवंचना नव्हती. मी चुकीच्या रकान्यात पाहत होते. ती लाज होती, आणि ती अजून घडायचीही होती. अशा पुढच्या लाजेला मराठीत एक शब्द असायला हवा. मला सापडलेला नाही. (नाव आले. पण हे इथे महत्त्वाचे नाही.)

आता हा शब्दही जुना होत चालला आहे. मोबाइलवर वाढलेली मुले टेन्शन म्हणत नाहीत. त्यांना 'स्ट्रेस' असतो, 'अँग्झायटी' असते, मित्राशी भांडण झाले तरी 'डिप्रेशन' येते. हे शब्द टेन्शनपेक्षा अधिक इंग्रजी वाटतात, पण क्रियापदे पाहा : अँग्झायटी 'येते', स्ट्रेस 'देतात', डिप्रेशनमध्ये 'जातात'. पाहुणा नवा, पाट तोच. माझा धाकटा भाऊ नववीत आहे. त्याने एकदा "मला अँग्झायटी येते" असे म्हटले तेव्हा आईने मशीन थांबवून विचारले, "म्हणजे टेन्शनच ना रे?" तो "नाही" म्हणाला. "मग काय?" त्याला सांगता येईना. पायडलवरचा पाय तसाच ठेवून आई थांबली होती. मग तो सांगू लागला, शाळेतले, वर्गातल्या दोन मुलांचे, संडासाच्या बाजूला काय झाले ते, आणि आईच्या त्या दिवशीच्या नगांतले दोन परकर राहिले.